छावणीत गेलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी. पारनेरकडच्या माळावरच्या काळ्या मेंढ्यांची माझी लोकर. एका धनगरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ दिली आणि उन्हात ताठ वाळवलं. बाजारात मला अंगावर घेऊन सहादेव म्हणाला, "हिच्यातनं पाऊस न्हाई आत यायचा." तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

सहादेव गावाचा पुढारी. लष्कराच्या तोफांच्या सरावासाठी गावची जमीन जाणार होती. बहात्तर साली तो लोकांना घेऊन तारेच्या कुंपणापाशी गेला. मी त्याच्या खांद्यावर होते. दगडफेक झाली आणि एक पहारेकरी दगावला. सहादेवानं दगडाला हातही लावला नव्हता, पण आळ त्याच्यावर आला. मला बायकोच्या, मुक्ताबाईच्या, अंगावर टाकून तो परागंदा झाला.

मग लष्कराची जीप आली. मुक्ताबाईला छावणीत नेऊन फरशीवर बसवलं. एक साहेब सारखा ओरडायचा, "किधर है तेरा मरद?" तिला पाणी दिलं नाही, झोपू दिलं नाही. मला घट्ट आवळून ती एवढंच म्हणायची, "मला ठावं न्हाई."

नंतर दुसरा साहेब आला. मराठी बोलणारा. त्यानं तिला चहा दिला.

"ताई, सहादेवराव तापानं फणफणलेत. निरोप घेऊन आलेला माणूस जागा न सांगताच पळाला. डॉक्टर कुठं पाठवू?"

"लई हाय का ताप?"

"शुद्ध नाही त्यांना."

तिनं चहा खाली ठेवला. "राजूरला. माझ्या बहिणीकडं, बनुबाईकडं हायेत. बिगी पाठवा, सायेब!"

दुसऱ्या दिवशी सहादेवाला बेड्या घालून व्हरांड्यातून आणलं. मुक्ताबाई धावली.

"ताप उतरला का वं?"

तो थबकला. "कसला ताप?"

"त्यो सायेब म्हणाला, तुमाला ताप हाय..." त्याला सगळं उमगलं. "असू दे, मुक्ता," एवढंच तो म्हणाला. शिपायांनी त्याला पुढं ढकललं.

त्याला जन्मठेप झाली. तो तुरुंगातच वारला. जमीनही गेली. मुक्ताबाईला गावात कुणी बोल लावत नाही. ती स्वतःलाच लावते. मी खुंटीवर आहे. कसरीनं माझी चाळणी केली आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या घोंगडीला अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि एक मागणं आहे. धाकाला जी बाई बधली नाही, ती नवऱ्याच्या काळजीनं बोलली. कुणाच्या मायेचा असा फास कधी करू नका.