पुरून उरलेली कासनी

मी कासनी बोलतेय. दचकू नका. झाडं बोलत नाहीत, असं तुम्हाला मोठ्या माणसांनी सांगितलं असेल. मोठी माणसं बरंच काही सांगतात.

काहीजण मला चिकोरी म्हणतात. माझं मूळ भाजून, दळून कॉफीत मिसळतात आणि पिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे गुपचूप राहण्याची मला सवय आहे. पण या घरातल्या माणसांनी मलाही मागे टाकलं.

एका कागदी पाकिटातून मी इथे आले. घरातल्या मुलीनं रानफुलांचं मिश्र बी कॉलेजच्या बागेतून आणलं होतं. ती एकुलती एक, तरी तिला सगळे 'धाकटी' म्हणत. ती म्हणायची, "मी धाकटी, तर थोरली कुठाय?" तेवढ्यात कुणालातरी गॅस बंद करायचं आठवायचं.

उत्तर तिनं आईकडून काढून घेतलं, आणि माझ्यावर पाणी शिंपडताना मला सांगितलं. थोरली होती. चार महिन्यांची. ती गेली तेव्हा आई तापानं फणफणली होती, शुद्धीवर नव्हती. पंधरा दिवसांनी उठली, तर पाळण्याच्या जागी कपड्यांचं कपाट. आत्या म्हणाल्या, दवाखान्यातल्या लोकांनीच सगळं केलं, कुठे ते आम्हाला ठाऊक नाही. आईला दुसरं काही नको होतं. कुठे, एवढंच हवं होतं. काही वर्षं तिनं विचारलं, मग विचारायची थांबली. घरातल्यांना वाटलं, विसरली.

परसात उघडणाऱ्या मागच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. धाकटीचे बाबा कुलपं बनवतात, दुरुस्त करतात. गावभरची दारं उघडून देतात. हे एकच दार ते कधी उघडत नसत. धाकटीनं विचारलं, "बाबा, मागे चोरण्यासारखं आहे तरी काय? दगड?" ते हातातलं कुलूप घासत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ली तिच्या पुस्तकावर होती, विसरून राहिल्यासारखी.

तिनं जमीन वरवर खरवडली, बी वाळूत कालवलं आणि मूठमूठ उधळलं. मग फळी टाकून तिच्यावर चालली, म्हणजे बी मातीला चिकटावं. आत्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. बाबांची ही मोठी बहीण, घर त्यांच्या शब्दावर चालायचं.

"कोंबड्यांना दाणे टाकतेस का? बी नीट पूर."

"आत्या, हे बी पुरायचं नसतं. याला उजेड लागतो."

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. पुरल्याशिवाय काही राहत नाही जागेवर."

"तुमच्या पद्धतीनं काही उगवलंय का इथे आजवर?"

आत्यांचा चेहरा मातीसारखा झाला. पण त्या हरणाऱ्यातल्या नव्हेत. "मी तुम्हा सगळ्यांना पुरून उरलेय, तू कोण मोठी लागून गेलीस," असं म्हणून त्या आत गेल्या.

पहिल्या वर्षी मी फुलत नाही. नुसती पानं जमिनीलगत पसरते. आत्या म्हणाल्या, गवत आलं. म्हणू द्या. माझं खरं काम खाली चाललेलं असतं.

ती जमीन टणक होती. माझ्या बहिणी हातभर खोल जाऊन अडल्या. पण एका ठिकाणी माती मऊ लागली. एकदा खणलेली माती पहिल्यासारखी होत नाही. वरून कितीही चोपा, मुळांना कळतं. तिथे आम्ही सरळ खाली उतरलो. एक बटण लागलं. मग काहीतरी गोल, गुळगुळीत, त्यात बारीक खडे. माझं मूळ जाड होत गेलं तसं ते हललं आणि अंधारात आवाज झाला. खुळ्ळ.

मग कुणीतरी माझं मूळ धरलं. ओढलं नाही. तान्हं मूल बोट धरतं तसं, नुसतं मुठीत.

मी वाढायची थांबले नाही. धरलेलं बोट कोण सोडवून घेतं?

दुसऱ्या वर्षी उन्हानं सगळं करपलं. मऊ जागेवरच्या आम्ही तेवढ्या हिरव्या राहिलो, आणि कमरेइतक्या उंच होऊन फुललो. निळ्या फुलांचा एक लांबट चौकोन. धाकटीला वाटलं, तिथे आपल्या हातून बी जास्त सांडलं. तिनं टेपनं मापून वहीत लिहिलं. बरोब्बर पाळण्याएवढा.

माझी फुलं सकाळी उघडतात आणि दुपार झाली की मिटतात. बहिणींची मिटली. चौकोनातली मिटली नाहीत. ती सूर्याकडेही बघत नव्हती. सगळी एका बाजूला वळली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. तिथे आई भांडी घासत असे. ती खिडकी बंद करायची, तेव्हा कुठे आम्ही मिटायचो.

धाकटीनं जेवताना हे हसत हसत सांगितलं. बाबांनी पान अर्धवट टाकलं. आत्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी कुदळ घेऊन आल्या.

गुडघे धरत त्यांनी पहिला घाव घातला. मी तुटले. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला मूळ हिसकलं आणि खालून आवाज आला, चांगला मोठ्यानं. खुळ्ळ, खुळ्ळ.

खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला.

आई अनवाणीच आली, हातांना साबणाचा फेस तसाच. मागून धाकटी.

"वन्सं," आई म्हणाली, "तो खुळखुळा पिवळा आहे ना?"

आत्यांच्या हातून कुदळ गळली. "मीच ठेवला तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "तू तशी पडलेली. म्हटलं, कळलं नाही तर विसरशील. पुन्हा उभी राहशील."

"इथे?"

"इथे."

आईनं खिडकीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "चोवीस वर्षं मी हिच्यासमोर भांडी घासत होते."

धाकटी काहीतरी जळजळीत बोलणार होती. ओठावर आलेलं मला दिसलं. पण आत्या मातीतच बसल्या होत्या, म्हाताऱ्या, एकदम लहान झालेल्या. धाकटीनं कुदळ उचलून भिंतीपलीकडे फेकली, बस. आईनं जमिनीला कान लावला आणि थोरलीचं नाव घेतलं. हळू. ते खालीच ऐकू जायचं होतं.

त्या दिवशी खिडकी उघडीच राहिली. तरी आम्ही मिटलो.

मागच्या दाराला आता कुलूप नाही. माझं तुटलेलं मूळ तुकड्यातुकड्यातून फुटलंय. आत्यांनाही मी पुरून उरले. आई सकाळी माझ्यापाशी बसते. कधीकधी आत्याही येतात, लांबच बसतात.

माझं बी आता पिकलंय. धाकटी ते पाकिटांत भरून वाटते. तुमच्याकडे आलं तर मला पुरू नका, वरच टाका. दुपारी मी मिटेन.

पण एखाद्या दिवशी मिटले नाही, तर माझी फुलं कुठल्या खिडकीकडे वळलीत ते बघा. मग घरातल्या मोठ्यांना बोलवा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.