कपाळावरचं प्लास्टिक

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. माझं एक बिजागर सैल आहे, चार्जर काढला की मी पाच मिनिटांत मान टाकतो, आणि मला सुरू व्हायला एवढा वेळ लागतो की तोवर माणसाचा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. बाकी मी ठणठणीत आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या डोक्यावर, एक रिकामी सुटकेस आणि चपलांचं खोकं यांच्या मधे असतो. इथून मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. खाली खिडकीजवळच्या टेबलावर बटणं वाजतात. टेबल माझं, पण बटणं माझी नव्हेत. तिथे आता तो दुसरा बसतो. पातळ, रुपेरी, चकचकीत. मित्रांनो, मोठ्या माणसांना हेवा वाटला की ती म्हणतात, "छे, मला काय त्याचं!" मी तसं म्हणणार नाही. मला त्याचा हेवा वाटतो, आणि चांगला पोटभर वाटतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. माझी खरी गोष्ट सुरू होते ती ठमी आणि तिची आई मला घ्यायला दुकानात आल्या त्या दिवसापासून. ठमी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे, पण आई तिला त्याच नावाने हाक मारायची, म्हणून माझ्यासाठीही ती ठमीच. तिला नर्सिंगला नुकताच प्रवेश मिळाला होता. आई घरी ब्लाउज शिवायची. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, शिवण तपासावी तशा माझ्या कडा तपासल्या आणि दुकानदाराला म्हणाली, "हाच द्या. याच्या अंगात दम दिसतोय." एवढं कौतुक त्यानंतर माझं कोणी केलं नाही.

आईच्या घरात टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक होतं, खुर्च्यांच्या पाठींवर होतं, मिक्सरच्या बटणांवरही होतं. घरी पोचताच तिने ताकीद दिली, "ठमे, याच्यावरचं प्लास्टिक काढू नकोस हं. राहू दे तसंच. वस्तू नवी राहते." शिवाय ब्लाउजांच्या उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून तिने माझ्यासाठी एक गुबगुबीत पिशवी शिवली. वर्षभरात पडद्यावरच्या प्लास्टिकला बुडबुडे आले, तेव्हा ठमीने ते नाइलाजाने सोलून काढलं. पण पडद्याच्या वरच्या काळ्या पट्टीवरचं, म्हणजे माझ्या कपाळावरचं, तसंच राहिलं. ते अंगाला इतकं चिकटून बसलं होतं की कोणाच्या लक्षातच आलं नाही. मला मात्र त्याचा अभिमान होता. आपल्याला कोणीतरी जपलंय याची ती खूण आहे, असं मी समजत होतो.

नर्सिंगची चार वर्षं मी ठमीबरोबर काढली. हाडांची नावं, औषधांचे डोस, मैत्रिणींची भांडणं, सगळं माझ्या पोटात आहे. मग ती परदेशी निघाली तेव्हा पिशवीत घालून मलाही घेऊन आली. इथे येऊन तिला कळलं की इथली भाषेची परीक्षा दिल्याशिवाय नर्स म्हणून कोणी उभं करत नाही. तोवर एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात काम मिळालं. चादरी निवडायच्या, यंत्रात टाकायच्या, ओल्या उपसायच्या आणि तापलेल्या रुळाखालून सरळ काढायच्या. आईला ती हे सांगणार होती. रोज ठरवायची.

पहिल्या रविवारी तिने माझ्यासमोर बसून आईला फोन लावला. कामावरून आली होती, अंगात पांढरा एप्रन तसाच होता.

"अगंबाई!" आई म्हणाली. "हा नर्सचा ड्रेस का गं?"

"हो," ठमी म्हणाली.

"पण तू अशी ढगात बसल्यासारखी काय दिसतेस?"

"कॅमेरा असाच आहे गं याचा."

खरंच तसा होता. कॉलेजात असताना थोडं धूसर दिसायचं, आता तर फारच. मला स्वतःलाही ठमी तशीच दिसायची, कडा नसलेली, दुधात पडलेल्या बिस्किटासारखी. मला वाटायचं, माणसं अशीच असतात. ढगामुळे आईला एप्रनवरचा धुलाईघराचा शिक्का दिसला नाही. साबणाने फाटलेली बोटं, रुळाने भाजलेलं मनगट, काही दिसलं नाही. तीन वर्षं दर रविवारी आई ढगाशी बोलली आणि गल्लीभर सांगत सुटली की माझी लेक तिकडे नर्स आहे. आणि मी? मी ठमीचं गुपित सांभाळत होतो. एवढा भाव मला आणखी कोण देणार होतं?

ठमी दुपारी दोननंतर अभ्यासाला बसायची. लेखी परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. उरली तोंडी. ती घरूनच, माझ्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. त्या दिवशी तिने केस नीट बांधले, शेजारच्यांना आवाज करू नका म्हणून सांगितलं आणि मला पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसवलं. परीक्षक बाई पडद्यावर आल्या. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, ठमीकडे पाहिलं, परत ओळखपत्र पाहिलं. कॅमेरा पुसा म्हणाल्या. ठमीने ओढणीने पुसला. दिवा लावा म्हणाल्या. तिने दिवा लावला, मग खिडकीचा पडदा उघडला, मग परत पुसला. दहा मिनिटं हेच चाललं. शेवटी बाईंनी फार सभ्यपणे सांगितलं की चेहऱ्याची ओळख पटत नाही, परीक्षा रद्द, पुढची तारीख तीन महिन्यांनी.

ठमीने मला बंद केलं. आपटलं नाही, पण आपटलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "खटारा आहेस नुसता."

सात वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती.

नवा लॅपटॉप घ्यायला ती धुलाईघरातल्या इस्त्रीवाल्या मावशींना बरोबर घेऊन गेली. या मावशी आपल्याच भाषेच्या, इथे वीस वर्षं राहिलेल्या, आणि कोणत्याही दुकानात शिरताना जरा भांडायच्या तयारीनेच शिरणाऱ्या. जुना देऊन नवा मिळतो का पाहू म्हणून मलाही पिशवीत घेतलं होतं. दुकानातल्या बाईने मला उघडलं, पुरती दोन मिनिटंही थांबली नाही आणि बंद केलं. याला आम्ही घेत नाही, म्हणाली. मावशी तिच्या भाषेत बरंच काही बोलल्या. तरी ती घेईना. मित्रांनो, भर दुकानात आपल्याला कोणी फुकटसुद्धा घेत नाही हे ऐकणं सोपं नसतं.

मग तिने नवा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावरचं प्लास्टिक एका झटक्यात, टर्रकन ओढून काढलं.

"अहो, अहो, काढू नका!" ठमी आपल्याच भाषेत ओरडली. इतकी जोरात की सगळं दुकान वळलं असावं.

मावशी हसत सुटल्या. "अगं, वापरायचाय ना तो? की देवघरात ठेवायचाय?"

मी पिशवीत मनातल्या मनात म्हणालो, बघा, याला पहिल्याच दिवशी उघडा केला. माझी सर याला कुठून येणार?

घरी आल्यावर माझी आणखी शोभा झाली. आम्हा दोघांना समोरासमोर बसवून मधे एक वायर जोडली, आणि माझ्या पोटातलं सगळं त्याच्याकडे गेलं. हाडांची नावं, औषधांचे डोस, आईने पाठवलेले फोटो. मी सात वर्षं जमवलेलं त्याने चहा थंड व्हायच्या आत गिळलं आणि ढेकरही दिला नाही. मग ठमी म्हणाली, "अय्या, किती फास्ट आहे हा!" आणि मला उचलून कपाटावर ठेवलं. पिशवीसुद्धा माझी काढून त्याला घातली. तो तिच्यात सैल पडत होता, तरी घातली.

सवतीमत्सर म्हणतात तो काय असतो, ते मला त्या फळीवर कळलं. त्याच्यात काहीतरी बिघाड व्हावा म्हणून मी वाट पाहायचो. ठमीच्या हातून त्याच्यावर चहा सांडावा, असंही माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू?

रविवार आला. ठमी मोठ्या हौसेने नव्यासमोर बसली. कामावरून नुकतीच आली होती. मी वरून कान देऊन ऐकत होतो.

"आई, बघ, नवा घेतला! दिसतेय का नीट?"

"अगंबाई, किती स्पष्ट! जशी काही समोर बसलीयेस. गालफडं बसली की गं तुझी." मग आईचा आवाज जवळ आला. "ठमे, हात वर कर बघू."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

खुर्ची करकरली.

"हे काय झालंय बोटांना? आणि मनगटाला काय भाजलंय?"

"साबणाने होतं गं ते. काही नाही."

"नर्सला एवढा साबण कशाला लागतो? आणि छातीवर तो शिक्का कसला आहे? चादरी आणि बादली काढल्यासारखं काय आहे ते?"

तीन वर्षांचं गुपित दोन मिनिटांत फुटलं. ठमीने सगळं सांगितलं, धुलाईघर, परीक्षा, रद्द झालेली तोंडी. आईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "चादरी धुतेस याची मला लाज नाही. मी लोकांचे ब्लाउज शिवून तुला वाढवलंय. पण मग तीन वर्षं मी कोणाशी बोलत होते, ठमे?"

आणि फोन ठेवला.

मित्रांनो, तुम्हाला खरं सांगतो, मला आनंद झाला. बघ म्हणालो, बघ तुझ्या चकचकीताने काय केलं. मी असतो तर हे झालं असतं का? पण पुढच्या रविवारी आईने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. खाली रिंग वाजून वाजून थांबायची, ठमी परत लावायची, आणि माझा आनंद मलाच नकोसा झाला.

तिसऱ्या रविवारी दुपारी मावशी आल्या. त्यांना नातवाशी बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून ठमीने मला कपाटावरून काढलं, चार्जर लावून कॅमेरा सुरू केला आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "हा घेऊन जा, पण कॅमेरा धड नाही हं," म्हणाली. मावशींनी ओल्या फडक्याने मला पुसलं. पाठ, पोट, बटणं, पडदा. कपाळावर आल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी नखाने कोपरा उचलला.

"अगं बये, हे काय आहे?"

आणि टर्रकन ओढलं. पिवळी पडलेली, चऱ्यांनी भरलेली बोटभर रुंद पट्टी त्यांच्या नखाला लटकत राहिली.

मित्रांनो, तुम्ही कधी धुक्यातून बाहेर आला असाल तर तुम्हाला कळेल. खोलीला एकदम कडा आल्या. मला ठमी दिसली. सात वर्षं मी तिच्यासमोर होतो आणि तिला मी पहिल्यांदा पाहत होतो. ती एवढी थकलेली आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

ठमी पडद्यावर स्वतःला पाहून आधी हसली आणि मग रडायलाच लागली. मावशींनी वेळ घालवला नाही. तिच्याकडून नंबर घेतला, माझ्यावरूनच, पण आपल्या नावाने फोन लावला आणि स्वतः समोर बसल्या. अनोळखी बाई दिसल्यावर आई चपापली.

"ताई, मी हिच्या कामावरची. रागवायचं तर मग रागवा, पण आधी हे बघा." त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली. "तुमच्या लेकीच्या लॅपटॉपवरचं प्लास्टिक. सात वर्षांचं. कॅमेऱ्यावरच होतं."

आई पट्टीकडे पाहायला पुढे वाकली. "म्हणजे ती परीक्षा..."

"हो, आई," ठमी मागून म्हणाली. "त्यानेच गेली."

"मीच म्हटलं होतं ना, काढू नकोस म्हणून?"

"हो."

"आणि तू ऐकलंस?" आईचा आवाज फुटला. "जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, ठमे, आणि हे ऐकलंस?"

मग त्या तिघी एवढ्या हसल्या की कोण कधी रडायला लागलं ते मला कळलं नाही. आई डोळे पुसत म्हणाली, "ये, जवळ ये. बघू दे मला. हनुवटीवरचा तीळ आहे ना अजून?"

ठमी वाकली, अगदी माझ्या डोळ्यापाशी आली.

मावशींनी मला नेलं नाही. दर रविवारी मला खाली उतरवतात, कारण आईने बजावलंय, आपलं बोलणं याच्यावरच. तिने गल्लीत आता खरं काय ते सांगितलंय, आणि रिमोटचं प्लास्टिक काढलंय. मिक्सरचं नाही काढलं, ते काढवत नाही म्हणाली. ठमीची तोंडी परवा झाली, त्या चकचकीतासमोर. त्याने तिला पाच सेकंदांत ओळखलं म्हणे. निकाल यायचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल तर त्याला टाकण्याआधी एकदा नीट पुसा, कपाळापर्यंत पुसा. आणि वस्तू जपायची तर जपा, पण तिचे डोळे झाकू नका. मी ठमीच्या हाताखाली सात वर्षं काढली. त्या पोराला येऊन पुरते तीन महिनेही झाले नाहीत. त्याचा वेग, त्याचा रुपेरी रंग, माझी पिशवी, माझं टेबल, हे सगळं मी एक दिवस त्याला माफ करीन. पण ठमीच्या हनुवटीवर तीळ आहे, डावीकडे, तिळाएवढाच. तो त्याला पहिल्याच दिवशी दिसला.