मंगलमावशीचं वाक्य

सुमंगलाला इंटर्नशिप बंगळूरच्या ऑफिसात हवी होती. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, वरच्या मजल्यावरची कॉफी, असं सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. कंपनीनं तिचा पत्ता वाचला, रामनगर, तालुका जोयडा, आणि तिला जोयड्याच्याच रानातल्या आपल्या रिसॉर्टवर धाडलं. "लोकल भाषा येते, हा फार मोठा प्लस आहे," एचआरचे प्रमुख विनोद सर फोनवर म्हणाले. बेळगावात एमबीए शिकून पोरगी पुन्हा आपल्याच तालुक्यात येऊन पडली. लांबची उडी मारावी आणि अंगणातच पडावं, तसं झालं.

एचआर या खात्याबद्दल रिसॉर्टवरच्या मंडळींचं मत पक्कं होतं. मागच्या वर्षी बंगळूरहून एक एचआर आला होता. सगळ्यांशी गोड बोलला, खांद्यावर हात ठेवले, आणि तो गेल्यावर दोघांना घरी बसवलं गेलं. तेव्हापासून एचआर म्हणजे गोड बोलून घरी बसवणारा माणूस. कानडी वळणानं ते 'हेच्चार' म्हणत. सुमंगला ताट घेऊन स्टाफच्या जेवणघरात शिरली की कुणीतरी हळूच "हेच्चार" म्हणे आणि चाललेलं बोलणं बंद पडे. ती बसली की बाकावरची माणसं एकेक करून हात धुवायला उठत. इतकी हात धुणारी माणसं तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

आधी तिनं ते हसण्यावारी नेलं. मग ती ताट खोलीवर नेऊ लागली. फोनला रेंज फक्त गेटाजवळ मिळायची, आणि गेटावर वॉचमन झिलू बसलेला. त्यामुळं आईशी बोलताना "मजेत हाय, जेवले" एवढंच. खोलीत परत आली की रडू यायचं आणि रडू येतं याचा रागही यायचा. बंगळूरला एकटी पडले असते तर एक वेळ चाललं असतं, असं तिला वाटे. आपल्याच भाषेच्या माणसांत एकटं पडणं तिला सोसत नव्हतं.

मंगलमावशी तिच्या दारात आली ती अशाच एका दुपारी. मावशी अणशीकडची, पन्नाशी ओलांडलेली. पाहुण्यांच्या हॉलमध्ये वाढायचं काम करायची आणि आठवडाभर क्वार्टरमध्येच राहायची. दारात उभी राहून तिनं सुमंगलाचं ताट बघितलं.

"गे बाय, हितं एकटी काय खातीस? सुवेर-सुतक पडलाय काय तुला?"

उत्तराची वाट न बघता तिनं ताट उचललं आणि चालू लागली. ताटामागं सुमंगलाला जावंच लागलं. जेवणघरात मावशीनं तिला आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रामनगरची पोर हाय. चावत न्हाई. बसा गप."

माणसं बसली. त्या दिवशी फणसाची भाजी होती. सुमंगलानं ती मागून घेतली आणि डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिखटावर ढकललं.

पुढचे दिवस बरे गेले. मावशीच्या शेजारची जागा तिची झाली. मावशी बोलायला लागली की कुणाची धडगत नसे. आचाऱ्याला ती नवरी म्हणायची, कारण तो सारखा आरशात बघे. सुमंगलाच्या इस्त्रीच्या शर्टाला म्हणायची, "ह्यो तुला घालतोय काय तू ह्याला?" हे 'तू' ऐकायलाच सुमंगला जेवायला जाई, असं म्हटलं तरी चालेल.

मग कंपनीचा सर्व्हे आला. कर्मचाऱ्यांना काय वाटतं ते विचारायचं, नाव कुणाचंही घालायचं नाही. प्रश्न इंग्रजीत, म्हणून सुमंगला ते तोंडानंच विचारत फिरली. त्यातला एक प्रश्न हसण्याबद्दल होता. पाहुण्यांची गाडी आली की सगळ्यांनी गेटाशी हसत उभं राहायचं, हा कंपनीचा नियम. कसं वाटतं?

"कसं वाटतंय?" मंगलमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पावणं येस्तोवर उन्हात दात वाळत घालून उभं ऱ्हायाचं. सांजपातूर कडक होतात बग. घरात जाऊन तोंड मिटतच न्हाई."

सुमंगला पोट धरून हसली.

सादरीकरण व्हिडिओ कॉलवर होतं. रिसॉर्टचे मॅनेजर महाबळेश्वर तिच्या शेजारी बसले होते, पडद्यावर बंगळूरची दहाएक तोंडं. ती आकडे वाचत होती आणि तोंडं खाली, आपापल्या फोनमध्ये. विनोद सरांनी घड्याळ बघितलं. इथंही कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. मग ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि मावशीचं वाक्य मावशीच्याच आवाजात म्हणून दाखवलं. वर इंग्रजीत अर्थ सांगितला.

सगळी तोंडं वर आली. हशा पिकला. कुणीतरी "पुन्हा, पुन्हा" म्हणालं आणि तिनं पुन्हा म्हटलं. विनोद सरांनी डोळे पुसत विचारलं, "हू इज धिस?"

"नाव सांगता येत नाही, सर," सुमंगला ऐटीत म्हणाली.

महाबळेश्वर सगळ्यांत जास्त हसत होते. त्यांना नावाची गरजच नव्हती. दात वाळत घालणारी बाई रिसॉर्टवर एकच होती. संध्याकाळी ते स्वतः स्वयंपाकघरात गेले आणि मावशीला म्हणाले, "बंगळूरपर्यंत पोचलं बघ तुझं बोलणं. सगळे हसले." महिनाअखेरीला पावसाळ्यात पाहुणे कमी म्हणून एक माणूस कमी केलं. ती मंगलमावशी.

सुमंगला भांडली. महाबळेश्वरांशी भांडली, फोनवर विनोद सरांशी भांडली. "तो ऑपरेशनचा निर्णय आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस," सर म्हणाले, आणि त्याच दमात त्यांनी तिला बंगळूरची नोकरी देऊ केली. माणसांचा आवाज असा पकडता येणारं कुणी त्यांना हवंच होतं. ज्यासाठी ती एमबीए शिकली ते पदरात पडलं आणि सांगायला कुणी नव्हतं. जेवणघरात माणसं पुन्हा हात धुवायला उठू लागली.

रविवारी तिनं जोयड्याहून कारवारची बस धरली आणि अणशीला उतरली. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. मावशी, मी नाव सांगितलं न्हाई. मावशी, चुकलं माझं.

मावशी अंगणात तेलाच्या हातानं फणस सोलत होती. तिला बघून उठली, पदर सारखा केला.

"बन्नी म्याडम," ती म्हणाली. "कूतकोळ्ळी."

या, बसा. सुमंगला चरकली. इथली माणसं फॉरेस्टच्या साहेबाशी, कंडक्टरशी, तालुक्याच्या कारकुनाशी कानडी बोलतात. घरात आणि आपल्या माणसांत नाही.

"मावशी, मी सुमी."

"हौदु म्याडम." होय, म्याडम. मग मावशीनं घरात वळून सुनेला हाक मारली, "गे, म्याडम आल्याती, चाय ठेव." ते आपल्या बोलीत. सून दारात येऊन बघून गेली.

सुमंगलानं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. नाव सांगितलं नव्हतं, भांडले, माझ्यामुळं झालं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. राग नव्हता. राग असता तर तिनं शिव्या दिल्या असत्या, आणि त्या आपल्या भाषेत दिल्या असत्या.

"एल्लारू नक्करंते?" तिनं विचारलं. सगळे हसले म्हणे?

सुमंगलाला खोटं बोलता आलं नाही. तिनं मान हलवली.

मावशीनंही मान हलवली आणि पुन्हा फणसाला लागली. चहा आला. तो पिईपर्यंत मावशीनं बसची वेळ विचारली, घरच्यांची चौकशी केली, सगळं नीट, आदरानं, कानडीत. सुमंगला मराठीत उत्तरं देत राहिली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिचा आवाज लहान होत गेला. शेवटी उठताना तिला कळलं की माफी मागायची तर ती आता मावशीनं दिलेल्या भाषेतच मागावी लागणार. त्या भाषेत तिच्याकडं माफीचा एकच शब्द होता, फोन लागत नाही तेव्हा पलीकडची बाई म्हणते तो.

"क्षमिसि," ती म्हणाली.

"परवागिल्ल, म्याडम." हरकत नाही, म्याडम. आणि मंगलमावशी गेटाशी उभं राहून हसतात तसं हसली.