सुरतेचा धुडकू आणि आठवी लढत

मी एक जुना मुष्टियोद्धा आहे. नाव धुडकू. हसू नका, मित्रांनो. मला हाडमांस नाही. मी राहतो मोबाइलमधल्या एका खेळात, आणि त्या खेळात चित्रंसुद्धा नाहीत, नुसती अक्षरं. मालकानं आधी डावपेच लिहून ठेवायचे, लढतीच्या दिवशी संध्याकाळी सहाला घंटा होते आणि मी ते डावपेच मुकाट्यानं पाळतो. लढताना स्वतःच्या मनानं एक पाऊलही मागं घेण्याची मला मुभा नाही. म्हणून मी भित्रा आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

माझे मालक दोघं. योगिता दहावीत शिकते आणि तिचे वडील निंबा सुरतेच्या बमरोलीत कापडाचे माग चालवतात. आठ माग, एकटा माणूस, बारा तासांची पाळी. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान निम्मे गेले आहेत. टीव्ही त्यांना ऐकू येत नाही, म्हणून योगितानं हा वाचायचा खेळ शोधला. बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते माझ्यामुळे. एवढी फुशारकी मला मारू द्या.

माझ्याआधी त्यांचे दोन योद्धे होते, शेरखान आणि तुफान. दोघंही पाच लढती सलग हरले. खेळाचा नियमच तसा आहे. सलग पाच हारी झाल्या की योद्ध्याचं पान पुसलं जातं, नाव, गुण, सगळं जातं, आणि तो कुठं गेला हे कुणी विचारत नाही. तेव्हा निंबा म्हणाले, "भारी नावले नजर लागस. याले धुडकू म्हन." धुडकू म्हणजे चिंधी; त्यांच्या खानदेशात ज्या घरी मुलं जगत नाहीत, तिथं पुढच्या बाळाला असंच टाकाऊ नाव देतात, म्हणजे मरणाचं लक्ष जात नाही. मला ते नाव मिळालं, आणि त्याच्या जोडीला मरणाची भीतीही मिळाली.

ताकद, चपळाई, दम आणि सोसण्याची शक्ती यांत चाळीस गुण वाटायचे होते. योगिता सगळे ताकदीत ओतायला निघाली होती. निंबांनी तिचा हात धरला. "समदाकडे सारखं वाट, पोरी. एकच मागवर ध्यान दिधं ते बाकीना सात मागना धागा तुटी जास." झालं. दहा, दहा, दहा, दहा. वरच्या खोलीतला महेश हे पाहून म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

पण पहिल्या तीन लढती मी जिंकलो. समोर नुसत्या ताकदीचे पहिलवान होते. दोन फेऱ्यांत ते धापा टाकायचे, मग मी त्यांना गाठायचो. महेशनंही माझं कौतुक केलं. मग चपळ गडी येऊ लागले आणि आमची चूक उघडी पडली. डावपेच निंबांनी सांगितलेले होते: "सुरवातलेच दम खर्च करू नको. पाळी लांबी शे." बारा तास मागावर उभं राहणाऱ्या माणसाचा तो शहाणपणा. माझी लढत मात्र चार फेऱ्यांची, अवघ्या बारा मिनिटांची. मी दम राखून राखून लढायचो आणि शेवटी अंगात भरपूर दम शिल्लक असताना गुणांवर हरायचो. दोनदा हरलो.

तेवढ्यात योगिताची सराव परीक्षा आली. कुणी माझ्याकडे फिरकेना. डावपेच जुनेच, लढती मात्र ठरलेल्या. घंटा व्हायची. समोर कोण आहे ते मला दिसायचं, आणि हातातला कागद भलत्याच माणसासाठी लिहिलेला असायचा. आणखी दोनदा मार खाल्ला. सलग चार हारी झाल्या. पुढची, आठवी लढत बुधवारी, वावटळ नावाच्या गड्याशी. माझी पाचावर धारण बसली.

बुधवारी साडेपाचला योगितानं पान उघडलं आणि तिला चार हारी दिसल्या. तिनं रात्रपाळीआधी झोपलेल्या वडिलांना हलवून उठवलं, त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"पप्पा, ही तुमची बारा तासांची पाळी नाही. बाराच मिनिटं आहेत."

निंबांनी मोबाइल हातात घेऊन माझ्या चारही हारी सावकाश वाचल्या. "मंग चूक मनीच शे," ते दोष स्वतःकडे घेत म्हणाले. मग विचारलं, "या वावटळकडे काय नही?"

"ताकद नाही. फक्त पाच."

"आपला दहा. मंग त्याना मांगे पळानं नही. पहिलापासून जवळ जाईसन पोटवर मार."

मला तेव्हा कळलं, मित्रांनो. सगळं सारखं असलेल्याकडे एकही हत्यार मोठं नसतं, पण समोरच्याकडे जे उणं असतं ते आपल्याकडे त्याच्याहून जास्त असतंच. फक्त कुणीतरी प्रत्येक वेळी ते शोधावं लागतं.

सहाला चार मिनिटं असताना निंबांनी पुन्हा विचारलं, "आन तो थकना ते?"

मी थकलो तर काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. योगितानं लिहिलं: दम तीनच्या खाली गेला तर मागे सर, हात वर, नुसता बचाव कर.

पहिल्या दोन फेऱ्या माझ्या झाल्या. तिसरीत माझा दम संपला आणि तो खरोखर वावटळीसारखा आला. मी मागे सरलो, कारण तसं लिहिलेलं होतं. चौथी फेरी मी नुसती सोसली. एकेक ओळ उमटत होती आणि मला वाटत होतं, हीच शेवटची. शेवटी एकच शब्द आला. बरोबरी.

बरोबरी म्हणजे हार नव्हे. पान पुसलं गेलं नाही.

"वाचना," निंबा म्हणाले. खेळात योद्ध्याला सुट्टी देता येते हे योगितानं दाखवल्यावर ते लगेच बोलले, "आठ दिन खाडा टाक त्याना. दम भरू दे."

मग त्यांनी डबा उचलला आणि रात्रपाळीला निघाले. मी आल्यापासून त्यांनी स्वतःचा एकही खाडा केलेला मी पाहिला नाही.

आता मी विश्रांतीत आहे. माझा दम किती उरला ते माझ्या पानावर आकड्यात दिसतं. निंबांचा कुठंच दिसत नाही. साडेसहाला दार लागलं की मला तीच जुनी भीती वाटते, पण मला दाराबाहेर जाता येत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरातून कुणी असं रोज निघत असेल. ते परत आले की त्यांना एवढं तरी विचारा, किती थकलात.