कानातला भाडेकरू

धोंडुबाईनं थोरल्या म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि चरवीत धार सोडली. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी होती. गिऱ्हाइकं धारोष्ण दुधाच्या पेल्याची वाट बघत मागं उभी होती. तेवढ्यात धाकट्या म्हशीनं दावं सोडवून घेतलं आणि सरळ बांगडीवाल्याच्या हातगाडीत तोंड घातलं. सगळा कट्टा ओरडला. बांगडीवाला तर असा ओरडला की पन्हाळ्यावरची पाखरं उडाली म्हणतात. धोंडुबाईच्या हाताची लय काही मोडली नाही. तिनं पेला भरला, वर फेस चढवला, द्यायला म्हणून मागं वळली, तर घ्यायला कुणीच नाही. माणसं सगळी हातगाडीपाशी, आणि धाकटीच्या शिंगात हिरवा चुडा.

म्हैस सवाष्ण झाली म्हणून कट्टा हसला. बांगडीवालासुद्धा शेवटी हसला. हसला नाही तो एकटा ज्ञानू, तिचा लेक. उचगावच्या फौंड्रीतनं सुटून तो रोज म्हशी घरी न्यायला कट्ट्यावर यायचा. त्यानं धाकटीला धरून आणलं आणि चार माणसांत मोठ्यानं सांगितलं, की आईला ऐकू येत नाही, आता म्हशी विकायच्या.

ऐकू येत नव्हतं, हे खरंच. दोन-तीन वर्षं तिनं ते झाकलं होतं. बोलणारं माणूस कुणाला बहिरं वाटत नाही, हे तिनं हेरलं होतं. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत ती गोष्ट सुरू करायची. कळंब्याच्या तळ्यात तिच्या म्हशीनं मगरीला कशी लाथ घातली, लग्नात नवऱ्यानं तिला खांद्यावर घेऊन पंचगंगा कशी पोहून पार केली. पिराजी पैलवान रोज पेला हातात धरून पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकायचा. कानात किर्रर्र वाजायचं, त्याचीही तिनं गोष्ट केली होती. कानात एक भाडेकरू ठेवलाय, दिवसरात शीळ घालतोय, खोली सोड म्हटलं तर हलत न्हाई. लोक हसायचे. तिची झोप गेलीय, हे सून शालनलाच तेवढं ठाऊक होतं.

पण म्हशी गेल्यावर काय करायचं? घरात भिंतीकडं बघत बसायचं, आणि त्या शिळेचं ऐकायचं?

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शालनला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडं गेली. मशीन लावल्याशिवाय इथनं उठत नाही, असं आधीच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. कानाकडनं आवाज कमी पोचायला लागला की मेंदू आपला आपणच आवाज लावतो, म्हणाल्या. मशीननं ऐकू येईल, पण ही शीळ सगळी जाईलच असं नाही. अगदी सामसुमीत बसू नका, बारीक आवाजात रेडिओ लावून ठेवा. धोंडुबाईला ते पटलं. घर रिकामं दिसलं म्हणूनच तो भाडेकरू आत शिरला होता तर.

मशीन लावलं आणि जग अंगावर आलं. म्हशीचं रवंथ म्हणजे उसाचा घाणा. स्वतःच्या तोंडातली भाकरी म्हणजे खडी फोडल्यागत. शालनच्या पायातली जोडवी फरशीवर वाजायची तरी ती दचकायची. पहिल्या दिवशी तिनं मशीन काढून डब्यात टाकलं. सकाळी परत लावलं. दुपारी काढलं, चहाला लावलं. टीव्ही एवढा मोठा कोण लावतंय म्हणून शालनला विचारलं, तर शालन नुसती हसली. असं करत करत दिवाळीच्या तोंडाला ती कट्ट्यावर गोष्टी सांगायची थांबली. आता गिऱ्हाइकं काय बोलतात ते ऐकायची. पिराजीला करमेना. एक तरी थाप मार की म्हणून तो मागं लागला.

ज्ञानू मात्र म्हशी ठेवायला अजून राजी नव्हता. पाव्हण्यातला एक जण म्हशी बघायला येणार होता.

त्या संध्याकाळी दोघं म्हशी घेऊन घराकडं निघाली. ती रस्त्याच्या कडेनं, ज्ञानू मधनं, दावं धरून, म्हशींना काय किंमत येईल ते मोठमोठ्यानं सांगत. मागनं ट्रकचा हॉर्न आला. धोंडुबाई थांबली. हॉर्न परत आला, लांबलचक. ज्ञानू बोलतच होता. तिनं त्याची बाही धरून त्याला कडेला ओढलं. ट्रक वारा घालत गेला.

ज्ञानू ड्रायव्हरच्या नावानं ओरडला. हॉर्न द्यायला काय हात मोडलेत व्हय, म्हणाला.

धोंडुबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. पंधरा-सोळा वर्षं हा त्या फौंड्रीत ग्राइंडरवर लोखंड घासत होता. हा आपल्यावर ओरडतोय, असंच तिला इतके दिवस वाटत आलं होतं.

 गोठ्यात म्हशी बांधून झाल्यावर त्याच्या पुढ्यात, तोंडासमोर येऊन उभी राहिली.

“डॉक्टरीणबाईनी बोलावलंय. येताना ल्योक घिऊन या म्हणाल्यात.”

“माझं काय काम?”

“आईचं मशीन लेकाच्या कानाशी जुळवाय लागतंय. न्हाईतर बिघडतंय म्हणं. आपल्या पिराजीनं न्हाई जुळवलं, तर त्याच्या आईला नुसतं कानडीच ऐकू याय लागलं.”

“आये, थापा मारू नको.”

“थाप तर थाप. गुरुवारी सुट्टी काढ.”

ज्ञानूनं पेंडीची पाटी उचलली, परत खाली ठेवली. थोरलीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. मग, कधी नव्हे ते, हळू आवाजात म्हणाला,

“तुझाबी त्यो भाडेकरू... दिवे मालवल्यावर लई वाजतोय व्हय गं?”

“व्हय,” धोंडुबाई म्हणाली. “लई.”

त्यानं मान हलवली. धोंडुबाईनं पाटी उचलली आणि दोन्ही म्हशींपुढं पेंड टाकायला लागली.