राखीव वॉर्ड

सुमती आणि आशालता रोज संध्याकाळी पनवेलच्या वडाळे तळ्याच्या पायऱ्यांवर बसून राजकारण बोलत. इतर बायकांना त्याचं हसू यायचं. सुमती सरकारी कचेरीत क्लार्क. कुठलं सरकार कशामुळे पडलं, हे तिला तोंडपाठ. आशालता घरीच असायची, पण वादात हटायची नाही. अशी बारा वर्षं गेली.

एक्क्याण्णव साली नगरपालिकेची निवडणूक लागली आणि त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पक्षाचे कृष्णकांतभाऊ आधी सुमतीकडे आले.

"फक्त नोकरीचा राजीनामा द्यावा लागेल, वहिनी."

सुमतीने दोन दिवस मागून घेतले. शेवटी पेन्शन आठवून ती नाही म्हणाली आणि आशालताचं नाव सुचवलं. उभी ती राहील, बोलवते धनी आपण राहू, असं तिच्या मनात होतं. आशालताला यातलं काही तिने सांगितलं नाही.

पहिल्या प्रचारसभेला सुमतीने चार पानी भाषण लिहून नेलं. आशालताने ते वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि माइकसमोर नळाच्या पाण्याबद्दल आपल्याच शब्दांत बोलली. लोक हसले, टाळ्या पडल्या. मागे उभ्या असलेल्या सुमतीचा नुसता जळफळाट झाला. तिथे मी असायला हवी होते!

"किती छान बोलते हो," शेजारची बाई म्हणाली.

"मीच लिहून दिलंय. पाठ केलंय तिने," सुमती म्हणाली. पुढे ती हे चार ठिकाणी बोलली.

आशालता निवडून आली. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा सुमती मागच्या दारी कपडे धूत बसली. तळ्यावर जाणंही तिने सोडलं.

पंधरा दिवसांनी आशालताच घरी आली.

"आधी तुला विचारलं होतं म्हणे. मला बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? घाबरले म्हणून?"

"मीपण घाबरलेच होते की."

"पण तू उभी राहिलीस. आणि मी सांगत सुटले, तू माझं भाषण पाठ करून बोललीस."

आशालताचा चेहरा उतरला. मग उठत म्हणाली, "गुरुवारी तीनला नगरपालिकेची पहिली सभा आहे. ऐकायला येशील?"

"रजा नाही मिळायची."

सुमतीची अकरा दिवस रजा शिल्लक होती. गुरुवारी ती कचेरीत गेली. तीन वाजल्यापासून तिने एकच अर्ज पाच वेळा वाचला.