पहिलं अक्षर

चाळीस वर्षं मी नाटकाच्या विंगेत बसून अडलेल्या नटांना शब्द पुरवतेय. वही मांडीवर असते, पण ती शोभेला. सगळं नाटक मला तोंडपाठ. पाठांतर न करणाऱ्यांची मला मनस्वी चीड. वाक्याचं पहिलं अक्षर कुजबुजायचं आणि वर एक शिवी हासडायची, हा माझा खाक्या.

गेल्या रविवारी हिरो अडकला. त्याने विंगेकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याही डोक्यात अंधार! वहीत पान सापडेपर्यंत प्रेक्षक खोकायला लागले.

नाटक कंपनी माझ्या भाच्याची. "मावशी, डॉक्टरांना दाखव. त्या हो म्हणाल्या तरच विंगेत बस," तो म्हणाला. लहानपणी याचं नाक मी पुसलंय! पण खरं सांगते, मी घाबरले होते. ती खुर्ची गेली तर माझ्याकडे उरतं काय?

डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. तिने आधी मला मोठ्या मशीनमध्ये आडवं करून चित्रं दाखवली, ती आठवायला लावून मेंदूचे फोटो काढले. मग समोर बसवून दहा शब्द वाचले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि तेच शब्द विचारले. सहा आठवले. उरलेले चार ओठांवर येऊन बसले, बाहेर येईनात.

"आजी, मी फक्त पहिलं अक्षर सांगते. कं..."

"कंदील!"

"शि..."

"शिडी! अगं पण हे तर प्रॉम्प्टिंग झालं. लबाडी आहे ही!"

चारही शब्द आले तशी ती हसली. "शब्द पुसलेच गेले असते तर अक्षर सांगूनही आले नसते. तुमचे जागच्या जागी आहेत, हाती लागायला वेळ लागतो. या वयात एवढं चालायचंच. खुशाल विंगेत बसा." मग फोटो दाखवत म्हणाली, "असं आठवताना तरुणांच्या मेंदूत बहुतेक एका बाजूला धावपळ दिसते. तुमच्या दोन्ही बाजू कामाला लागल्यात."

"म्हणजे दोन्ही विंगांतून प्रॉम्प्टिंग!" मी म्हटलं.

घरी येताना आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते. मग एकदम सगळे अडलेले नट आठवले. त्यांचेही शब्द जागच्या जागी होते, आणि मी त्यांच्या सात पिढ्या उद्धरत होते. मला फार लाज वाटली.

या रविवारी मी चष्मा लावला, वही उघडली, बोट ओळीवर ठेवलं. हिरो पुन्हा अडकला. मी अक्षर दिलं आणि हळूच म्हटलं, "सावकाश, बाळा. येईल."

वाक्य आलं, टाळ्याही पडल्या. पण अंक संपल्याबरोबर हिरो पडेल चेहऱ्याने विंगेत आला, मागोमाग भाचा.

"मावशी, आज शिवी नाही? बरं वाटतंय ना?" हिरोने विचारलं.

भाच्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "डॉक्टर नक्की काय म्हणाल्या? लपवत नाहीस ना काही?"

"मेल्यांनो," मी ओरडले, "पुढच्या अंकात कोणी अडकलं तर तंगडं मोडून हातात देईन!"

दोघांचाही जीव भांड्यात पडला.